वस्तू, वस्ती आणि बाजार : भंडारा जिल्ह्यातील नगरांच्या बाजारपेठा व स्थानिक व्यवसाय यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

भंडारा जिल्ह्यातील भंडारा, पवनी व तुमसर या तीन जुन्या नगरांत १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाल्या. पितळकाम, विणकाम आणि धान्यव्यापार हे या नगरांच्या बाजारपेठांचे अनुक्रमे आधार होते. गेल्या दीडशे वर्षांत या व्यवसायांना साहाय्य करण्याचे आणि नगरांचा मध्यवर्ती भाग सुधारण्याचे प्रयत्न झाले. मात्र ही दोन्ही कामे वेगवेगळ्या यंत्रणांकडे राहिली. जेथे व्यवसाय आणि त्याची जागा यांचा विचार एकाच कायद्यात झाला तेथे बाजार तग धरून राहिला. जेथे त्यांची फारकत झाली तेथे व्यवसाय क्षीण झाला आणि बाजारपेठेचे मूळ स्वरूप हरवत गेले, असे प्रस्तुत शोधनिबंधात प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : भंडारा, पवनी, तुमसर, नगरपालिका, जकात, पितळकाम, हातमाग, बाजार समिती, पथविक्रेते.

प्रस्तावना

भारतीय नगरांच्या इतिहासलेखनात मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा महानगरांना जितके स्थान मिळाले तितके जिल्ह्याच्या ठिकाणांना व तालुक्याच्या गावांना मिळालेले नाही. वस्तुतः ग्रामीण जनतेचा नगराशी येणारा पहिला व नित्याचा संबंध हा अशा लहान नगरांच्या बाजारपेठेशीच असतो. लग्नाचा बस्ता, आंदणाची भांडी, बियाणे, औषध, कोर्टकचेरीचे काम या निमित्ताने खेड्यातील माणूस ज्या चौकात येतो तो चौक म्हणजे त्याच्यापुरते शहर होय. या चौकाचे भवितव्य कशावर अवलंबून असते, हा प्रश्न म्हणूनच केवळ सुशोभीकरणाचा नसून सामाजिक व आर्थिक इतिहासाचा आहे.

भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला आहे. नागपूरच्या भोसले राज्याचा हा भाग १८५४ मध्ये ब्रिटिश सत्तेखाली आला व १८६१ मध्ये निर्माण झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख असून नागरी लोकसंख्येचे प्रमाण एकपंचमांशाच्या आसपास आहे. म्हणजे येथील प्रत्येक नगराच्या पाठीशी मोठा ग्रामीण प्रदेश उभा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व साधने

१) तीनही नगरांच्या बाजारपेठांचा मूळ आर्थिक आधार स्पष्ट करणे.
२) नगरपालिका व बाजार यांच्यातील संबंधांचे स्वरूप तपासणे.
३) स्थानिक व्यवसायांना मिळालेल्या शासकीय व सहकारी साहाय्याचा बाजारपेठेवर झालेला परिणाम पाहणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटियर, जनगणना आणि संबंधित कायदे या साधनांचा आधार घेतला आहे.

नगरांची जडणघडण आणि रेल्वेचे अंतर

या तीन नगरांच्या इतिहासातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. त्यांची रेल्वेस्थानके अनुक्रमे ‘भंडारा रोड’, ‘तुमसर रोड’ आणि ‘पवनी रोड’ या नावांनी ओळखली जातात. स्थानकाच्या नावापुढील ‘रोड’ या शब्दाचा अर्थ इतकाच की, गाव येथे नाही. येथून गावाकडे रस्ता जातो. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा नागपूर–छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचला. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. भंडारा शहरासाठीचे स्थानक वरठी येथे, म्हणजे शहरापासून सुमारे अकरा किलोमीटरवर झाले. तुमसरसाठीचे स्थानक देव्हाडी येथे झाले. पवनी तर मुख्य मार्गापासून दूरच राहिली. नागपूर–नागभीड या मूळच्या नॅरोगेज मार्गावर तिच्या नावाचे स्थानक झाले, तेही गावाबाहेर.

याचे दोन परिणाम संभवले. एक असा की, गोंदियाप्रमाणे रेल्वे जंक्शनभोवती नवीन बाजारपेठ उभी राहून जुनी पेठ तिच्या छायेत गेली, असे या तीन नगरांत घडले नाही. बाजाराचा मध्य जेथे कारागीर व व्यापारी पूर्वीपासून वसले होते तेथेच टिकला. दुसरा परिणाम असा की, बाहेरून येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालाला बैलगाडीच्या, नंतर मोटारीच्या भाड्याचा अधिक बोजा सोसावा लागला. त्यामुळे येथील बाजार मुख्यतः पंचक्रोशीच्या गिऱ्हाइकावर जगला. तो गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा का येत असे, याचे उत्तर त्या त्या नगराच्या प्रमुख व्यवसायात सापडते.

भंडारा : कासारांचे नगर

भंडारा या नावाचा संबंध लोकव्युत्पत्तीने ‘भाणे’ म्हणजे पितळी थाळी या शब्दाशी जोडला जातो. रतनपूर येथील बाराव्या शतकाच्या प्रारंभीच्या कोरीव लेखात ‘भाणारा’ असा उल्लेख आढळतो. व्युत्पत्ती ग्राह्य मानली अथवा न मानली तरी पितळेची भांडी हा या शहराचा जुना व प्रमुख व्यवसाय होता, याविषयी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटियरमध्ये एकवाक्यता दिसते. १९०१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १४ हजार होती. ‘पितळनगरी’ हे बिरुद शहराला याच व्यवसायामुळे प्राप्त झाले.

पितळेच्या व्यवसायाची रचना समजून घेतल्याशिवाय भंडाऱ्याच्या बाजारपेठेचा उलगडा होत नाही. कासाराचे घर हेच त्याचे कामाचे ठिकाण आणि बहुधा विक्रीचे ठिकाणही असे. मागील बाजूस भट्टी, मध्ये ठोककाम आणि पुढील ओसरीवर गुंड, घागर, परात, कोपर, गंज, लोटे यांची मांडणी, अशी ही व्यवस्था होती. पितळेचे भांडे वजनावर विकले जाई. फुटले वा झिजले तरी त्याची मोड त्याच कासाराकडे देऊन, वरची मजुरी भरून, नवे भांडे घेता येत असे. आतून कल्हई करण्यासाठी ते वेळोवेळी आणावे लागे. अडचणीच्या वर्षी तेच भांडे गहाण पडे आणि सुगीनंतर सोडविले जाई. तात्पर्य, एका भांड्याच्या निमित्ताने शेतकरी कुटुंबाचा बाजाराशी खरेदी, दुरुस्ती, अदलाबदल आणि तारण असा चौपदरी संबंध निर्माण होई. भांडे घेण्यास आलेला माणूस कापड, किराणा व औषधही घेऊन जात असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांबे व जस्त या धातूंच्या पुरवठ्यावर नियंत्रण आले. त्यानंतरचा व अधिक दूरगामी आघात ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांचा होता. १९६० नंतर स्टीलची भांडी मध्यमवर्गीय व पुढे ग्रामीण घरांत पोहोचली. ती वजनाला हलकी, घासण्यास सोपी आणि कल्हईची गरज नसलेली होती. गृहिणीच्या दृष्टीने हा बदल निश्चितच सोयीचा होता व तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु बाजाराच्या दृष्टीने पाहिल्यास स्टीलचे भांडे विकणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाइकाला एकदाच यावे लागते. कल्हईवाला, मोड घेणारा आणि ठोककाम करणारा या तिघांचीही गरज एकाच वेळी संपली. कारागिराच्या ओसरीची जागा बाहेरगावचा तयार माल विकणाऱ्या दुकानाने घेतली. बाजारपेठ बाहेरून पूर्वीसारखीच गजबजलेली दिसत राहिली. मात्र तेथे वस्तू विकली जाऊ लागली, घडेनाशी झाली.

पवनी : विणकरांचे नगर

पवनीचे प्राचीनत्व सर्वश्रुत आहे. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९–७० मध्ये शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या उत्खननात येथे बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. वैनगंगेकाठच्या या नगराचा ब्रिटिश काळातील प्रमुख व्यवसाय रेशीमकाठी वस्त्रांचे विणकाम हा होता. १९०१ मध्ये पवनीची लोकसंख्या सुमारे ९ हजार होती आणि ती तुमसरपेक्षा अधिक होती.

१८७७ मध्ये नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुताने प्रथम हातसूत संपविले. हातमाग मात्र लगेच संपला नाही. उलट बारीक गिरणी-सुतावर रेशमी काठ विणण्याचे कौशल्य कोष्टी विणकरांनी टिकविले, कारण काठाच्या कामात गिरणीला त्यांची बरोबरी सहजी करता येत नव्हती. जाडेभरडे कापड विणणाऱ्या विणकरांवर मात्र गिरणीच्या स्पर्धेचा आघात अधिक तीव्र झाला. यातून विणकराचे सावकारावरील अवलंबित्व वाढले. सूत सावकाराकडून घ्यावयाचे आणि विणलेले कापड त्यालाच द्यावयाचे, या पद्धतीत विणकर स्वतःच्या घरात मजूर झाला.

पवनीच्या बाजाराचे स्वरूप भंडाऱ्यापेक्षा या दृष्टीने भिन्न होते. कासाराचा गिऱ्हाईक त्याच्या ओसरीवर येत असे. विणकराचे कापड मात्र व्यापाऱ्यामार्फत बाहेरगावी जात असे. पवनीच्या पेठेला विणकराच्या कापडाचा नव्हे, तर विणकराच्या मजुरीचा आधार होता. मजुरी आटली की किराणा दुकानाची उधारी वाढे आणि उधारी वाढली की दुकान बसे. २०११ च्या जनगणनेत पवनीची लोकसंख्या सुमारे साडेबावीस हजार, तर तुमसरची सुमारे ४५ हजार आढळते. एकशे दहा वर्षांत दोन नगरांचा क्रम उलटला, एवढेच नव्हे तर एक दुसऱ्याच्या दुप्पट झाले.

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव येथील कोसा विणकामाची परंपरा याच संदर्भात लक्षात घेतली पाहिजे. ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसर कोसा तयार होतो आणि त्यापासून करवती काठाची वस्त्रे विणली जातात. विदर्भातील या करवतकाठी वस्त्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकनामुळे नावाचे संरक्षण झाले. परंतु ते वस्त्र खुद्द जिल्ह्याच्या बाजारपेठेत, विणकराच्या हातून, गिऱ्हाइकाला कोठे मिळावे हा प्रश्न मानांकनाच्या कक्षेबाहेरचा आहे.

तुमसर : धान्यबाजाराचे नगर

तुमसरची १९०१ मधील लोकसंख्या सुमारे ८ हजार होती. धान हे जिल्ह्याचे मुख्य पीक असून तुमसर हे तांदळाच्या व्यापाराचे केंद्र म्हणून पुढे आले. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा शाखामार्ग, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आणि पुढे उभे राहिलेले कारखाने यांनीही या नगराच्या वाढीस हातभार लावला. त्यामुळे तुमसरच्या भरभराटीचे सर्व श्रेय धान्यबाजाराला देणे योग्य ठरणार नाही. तथापि या बाजाराच्या व्यवस्थेत असे काही होते, जे कासार व विणकर यांच्या वाट्याला आले नाही.

मध्य प्रांतात १९३५ मध्ये शेतमाल बाजारविषयक कायदा झाला. महाराष्ट्रात १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने बाजार समित्यांची सर्वत्र एकसारखी चौकट निर्माण केली. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने व्यवहार आणि जागा यांची सांगड घातली. खरेदी-विक्रीसाठी ठरलेले आवार, उघड लिलाव, प्रमाणित वजनमाप, चुकाऱ्याची हमी आणि या सर्वांवर देखरेख करणारी शेतकरी, व्यापारी-अडते व हमाल-मापारी यांच्या प्रतिनिधींची समिती, अशी ही रचना होती. बाजारातून वसूल झालेल्या शुल्कातून त्याच बाजाराच्या सोयी करावयाच्या, हे तत्त्वही त्यात अनुस्यूत होते.

बाजार समित्यांत पुढे मक्तेदारी, गटबाजी व अनुचित कपाती असे दोष शिरले, हे मान्य केले पाहिजे. तरीही धान विकून हाती पैसे आलेला शेतकरी तुमसरच्याच कापड दुकानात, लोखंडी सामानाच्या दुकानात व सराफाकडे जात राहिला. व्यवहाराची जागा नगरात निश्चित असल्यामुळे तेथील पैसाही काही अंशी नगरात फिरत राहिला.

नगरपालिका आणि बाजार : उत्पन्नाचे नाते

तीनही नगरांत १८६७ पासून नगरपालिका होत्या. मग बाजारपेठेच्या संगोपनाचे काम त्यांनी का केले नाही, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर नगरपालिकांच्या उत्पन्नाच्या रचनेत आहे. मध्य प्रांतातील नगरपालिकांना जकातीचा मोठा आधार होता. गावात येणाऱ्या मालावर नाक्यावर कर घ्यावयाचा आणि बाजारात बसणाऱ्याकडून बैठकी वसूल करावयाची, या दोन मार्गांनी बाजार हा नगरपालिकेच्या दृष्टीने प्रथमतः उत्पन्नाचा स्रोत ठरला. बाजार बैठकीच्या वसुलीचा ठेका लिलावाने देण्याच्या प्रथेमुळे तर पालिका आणि विक्रेता यांच्यामध्ये ठेकेदार हा तिसरा पक्ष उभा राहिला.

१९२२ चा मध्य प्रांत नगरपालिका कायदा आणि त्यानंतरचा १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदा यांनी सार्वजनिक बाजार बांधणे व राखणे हे पालिकेचे कर्तव्य मानले. परंतु बाजार म्हणजे ओटे, गाळे, दिवे व गटारे एवढाच अर्थ व्यवहारात उरला. ओट्यावर बसणारा कोण, तो काय घडवितो, त्याला कच्चा माल कोठून मिळतो, या गोष्टी पालिकेच्या विचारकक्षेत आल्या नाहीत. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार होणाऱ्या विकास आराखड्यांत निवासी, वाणिज्य व औद्योगिक असे जमिनीच्या वापराचे विभाग पडले. कासाराचे वा विणकराचे घर हे एकाच वेळी तीनही असल्यामुळे ते कोणत्याच रकान्यात नीट बसले नाही. उद्योगासाठी गावाबाहेर औद्योगिक क्षेत्र आणि व्यापारासाठी गावात व्यापारी संकुल, असा मार्ग निघाला. औद्योगिक क्षेत्रातील भूखंड कारागिराच्या ऐपतीबाहेरचा, तर संकुलातील गाळा लिलावातील अनामत रकमेमुळे त्याच्या आवाक्याबाहेरचा राहिला.

जिल्ह्यात मोठे उद्योगही आले. १९६० च्या दशकात जवाहरनगर येथे आयुधनिर्माणी, १९८० च्या दशकात गडेगाव परिसरात अशोक लेलँडचा आणि वरठी येथे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्यांनी नगरांच्या दुकानांना पगारदार गिऱ्हाईक दिले, हे खरे आहे. मात्र गावातील जुन्या कसबाशी त्यांचे नाते जुळले नाही. पोलादाचा कारखाना एका दिशेला आणि पितळेची विझत चाललेली भट्टी दुसऱ्या दिशेला, अशी स्थिती निर्माण झाली.

१९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषद क्षेत्रांत जकात रद्द झाली. व्यापाऱ्यांची जुनी मागणी पूर्ण झाली. परंतु नगरपरिषदा शासनाच्या सहायक अनुदानावर अवलंबून राहू लागल्या. जकातीच्या काळात बाजार वाढला तर पालिकेचे उत्पन्न वाढत असे. जकातीनंतर बाजाराच्या चढउताराचा पालिकेच्या तिजोरीशी असलेला हा प्रत्यक्ष संबंधही बराचसा तुटला.

व्यवसाय-साहाय्याचा दुसरा प्रवाह

स्थानिक व्यवसायांना साहाय्य झालेच नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली व तिचा अहवाल १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामोद्योगांचा विचार खेड्यातील माणसाच्या एकूण जीवनाच्या संदर्भात करणारा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने या विचाराला राजकीय पाठबळ उरले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला व हातमाग मंडळे, १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग, १९७१ मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ आणि १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे अशी संस्थांची मालिका निर्माण झाली. १९८५ च्या कायद्याने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. विणकर सहकारी संस्थांनी सुताचा पुरवठा व कापडाची उचल या दोन्ही बाबतींत सावकाराची पकड सैल करण्याचा प्रयत्न केला.

परंतु या सर्व यंत्रणांनी कारागिराकडे उत्पादक म्हणून पाहिले. नगरवासी म्हणून नव्हे. त्याला कर्ज, प्रशिक्षण, अवजारे मिळाली. परंतु गावाच्या चौकात हक्काची जागा मिळाली नाही. त्याचा माल महानगरांतील विक्रीकेंद्रांत व प्रदर्शनांत गेला आणि स्वतःच्या जिल्ह्याच्या बाजारपेठेतून अदृश्य झाला. याउलट १९७९ मध्ये सुरू झालेल्या लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकास योजनेपासून २००५ च्या तत्सम केंद्रीय योजनेपर्यंत नगरविकासाचा पैसा रस्ते, पाणीपुरवठा व संकुले यांवर खर्च होत राहिला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत ‘आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन’ हा विषय समाविष्ट केला. त्यामुळे दोन प्रवाह एकत्र येण्याची घटनात्मक वाट मोकळी झाली; तरी लहान नगरपरिषदांकडे त्यासाठी ना स्वतंत्र कर्मचारी होते, ना निधी.

२०१४ चा पथविक्रेता कायदा : एक नवी शक्यता

या पार्श्वभूमीवर २०१४ च्या पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) कायद्याचे ऐतिहासिक महत्त्व जाणवते. या कायद्याने उपजीविका आणि जागा यांचा एकत्र विचार केला. विक्रेत्यांचे सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना हटवू नये, नैसर्गिकरीत्या वाढलेल्या बाजारांची दखल घ्यावी, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावेत व त्यांत एकतृतीयांश महिला असाव्यात, अशा तरतुदी त्यात आहेत. विक्रेत्यांना सामावून घेण्यासाठी लोकसंख्येच्या अडीच टक्के हे प्रमाण कायद्यात दिले आहे. २०११ च्या सुमारे ९२ हजार लोकसंख्येवर भंडारा शहरापुरता हिशेब केल्यास ही संख्या सुमारे २,३०० होते. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने अशा विक्रेत्यांना प्रारंभी १० हजार रुपयांपर्यंतचे विनातारण खेळते भांडवल उपलब्ध केले.

व्यवहार, जागा आणि प्रतिनिधिक समिती या तीन घटकांच्या दृष्टीने पाहता हा कायदा १९६३ च्या बाजार समिती कायद्याच्या वळणावरचा आहे. फरक असा की, तो धान्याच्या मोठ्या व्यापाऱ्यासाठी नसून टोपली घेऊन बसणाऱ्या बाईसाठी आहे. त्याचे यश मात्र समिती प्रत्यक्षात किती नियमित भरते आणि पालिका बैठकीकडे केवळ वसुली म्हणून पाहणे सोडते काय, यावर अवलंबून राहील.

इतर देशांचा अनुभव

नगरांचे मध्यवर्ती भाग ओस पडण्याची समस्या केवळ भारतापुरती मर्यादित नाही. अमेरिकेत मोटारी व उपनगरी दुकानसंकुले यांमुळे लहान गावांचे मुख्य रस्ते ओस पडू लागले. तेव्हा तेथील ऐतिहासिक वारसा संरक्षण संस्थेने १९७७ मध्ये तीन गावांत प्रयोग सुरू केला व १९८० मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. जुन्या इमारतींची डागडुजी, व्यावसायिकांचे संघटन आणि गिऱ्हाईक आकर्षित करण्याचे उपक्रम ही कामे एकाच पूर्णवेळ व्यवस्थापकाकडे सोपविणे, हे या प्रयोगाचे सूत्र होते. जपानने मोठ्या दुकानांवर नियंत्रण ठेवणारा १९७० च्या दशकातील कायदा २००० मध्ये रद्द केला; परंतु तत्पूर्वी १९९८ मध्ये नगरमध्यांच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र कायदा केला.

या देशांची परिस्थिती भंडाऱ्याहून भिन्न आहे. तेथे दुकाने रिकामी पडली. येथे दुकाने भरलेली आहेत, पण कसब रिकामे झाले आहे. म्हणून तेथील योजना जशाच्या तशा उचलणे उपयोगाचे नाही. मात्र जागा आणि व्यवसाय यांची जबाबदारी एका ठिकाणी असावी, हा त्यांतील धडा येथेही लागू पडतो.

निष्कर्ष

१) भंडारा, पवनी व तुमसर या नगरांच्या बाजारपेठा केवळ विक्रीची ठिकाणे नव्हत्या. दुरुस्ती, अदलाबदल, तारण, मजुरी व लिलाव अशा अनेक व्यवहारांनी ग्रामीण कुटुंब त्यांच्याशी बांधले गेले होते. पितळेच्या भांड्याबरोबर हे व्यवहारही मागे पडले.

२) नगरपालिकेकडे जागा होती, पण व्यवसायाविषयी जबाबदारी नव्हती. उद्योग व हातमाग यंत्रणांकडे व्यवसायाची जबाबदारी होती, पण नगरातील जागेविषयी अधिकार नव्हता. या फारकतीची किंमत कासार आणि विणकर यांनी मोजली.

३) बाजार समितीच्या कायद्याने व्यवहार, जागा व प्रतिनिधित्व यांची सांगड घातली. अनेक दोष असूनही तुमसरचा धान्यबाजार टिकण्यामागे हे एक कारण दिसते.

४) भंडारा, पवनी, तुमसर या जुन्या नगरपरिषदांबरोबरच साकोली नगरपरिषद आणि मोहाडी, लाखनी व लाखांदूर नगरपंचायती अलीकडे अस्तित्वात आल्या आहेत. त्यांचे विकास आराखडे तयार होताना घरातच चालणाऱ्या व्यवसायांची नोंद घेणे, नव्या संकुलांतील काही गाळे लिलावाऐवजी माफक भाड्याने कारागीर व बचत गटांसाठी राखणे, आणि करवतकाठी वस्त्र व भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ यांसारख्या मानांकनप्राप्त वस्तूंना जिल्ह्याच्याच मुख्य बाजारात विक्रीची जागा देणे, हे उपाय विद्यमान कायद्यांच्या चौकटीतही शक्य आहेत.

रेल्वेने या नगरांना ‘रोड’ म्हटले, कारण गाव थोडे पुढे होते. दीडशे वर्षांच्या योजनांविषयीही बहुतांशी तेच म्हणावे लागते. त्या गावाच्या दिशेने आल्या, परंतु जेथे माणूस ओसरीवर बसून वस्तू घडवीत होता तेथपर्यंत पोहोचल्या नाहीत. ते उरलेले अंतर तोडणे, हेच नगरांच्या मध्यवर्ती भागाच्या खऱ्या सुधारणेचे काम होय.